घटसर्पाचा एक संशयित रुग्ण आणि अख्ख्या गल्लीची तपासणी

मृण्मयी

नमस्कार मंडळी. आमचं तालुक्याचं गाव, मराठवाड्यात. आमच्या गल्लीतल्या दुसरीतल्या एका मुलाला घटसर्पाच्या (डिप्थीरियाच्या) संशयावरून जिल्ह्याच्या ठिकाणी दाखल केलंय. तपासणीचा रिपोर्ट अजून यायचाय. पण दुसऱ्याच दिवशी सकाळी आरोग्य केंद्राची माणसं गल्लीत हजर. घरात पंधरा वर्षांखालची मुलं किती, लसीचं कार्ड दाखवा, कुणाला ताप आहे का, घसा दुखतो का. एकेका पोराला आ करायला लावून टॉर्च मारून घसा बघितला. त्या मुलाच्या सोबत असणाऱ्या सगळ्यांना अ‍ॅझिथ्रोमायसिन दिलं. माझी लेक पावणेसहा वर्षांची, त्याच रिक्षातून शाळेत जाते, म्हणून तिलाही. तिच्या कार्डावर दीड वर्षापर्यंतचे सगळे डोस आहेत, पाच वर्षांचा रकाना मोकळा आहे.

तिला ताप नाही, घसा दुखत नाही, दिवसभर उड्या मारतेय. मग औषध द्यायचं का? आणि रिपोर्टच आलेला नसताना एका मुलासाठी एवढी धावपळ कशासाठी? सासऱ्यांचं म्हणणं, ‘हे लोक फॉर्म भरून नेतात, पुढे त्याचं काय होतं कुणाला ठाऊक.’ खरंच, पुढे काय होतं? कुणी या कामात असेल तर नीट सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं नको, ते सगळं वाचून झालंय.

दत्ता_पा

औषध आधी सुरू करा, चर्चा मागून करू.

बालरोगवाला

मृण्मयी, सांगितलेत तेवढे दिवस औषध पूर्ण द्या. घटसर्पाचे जंतू घशात असूनही मूल ठणठणीत दिसू शकतं आणि त्याच्याकडून दुसऱ्याला लागण होते. औषध आहे ते त्या जंतूंसाठी. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला बहुधा दोन ते पाच दिवस लागतात, कधी कधी दहा. म्हणून दहा दिवस रोज ताप बघा, घसा बघा. टॉन्सिलवर करडा-पांढरा पापुद्रा दिसला, मान सुजली, आवाज बसला तर थेट दवाखाना. पापुद्रा बोटाने किंवा कापसाने काढायला जाऊ नका, रक्त येतं.

आता रिपोर्टचं. हा जंतू बसतो घशात, पण त्याचं विष रक्तातून हृदयापर्यंत आणि नसांपर्यंत पोचतं. त्यावर प्रतिविष (अँटिटॉक्सिन) द्यावं लागतं. ते घोड्याच्या रक्तापासून बनवतात, म्हणून आधी थोडंसं टोचून रिअ‍ॅक्शन येते का ते पाहतात. रक्तात मोकळं फिरणारं विष ते निकामी करतं, पेशींत शिरलेल्या विषावर त्याचा काही उपयोग नाही. म्हणजे उशीर झाला की झाला. त्यामुळे नुसत्या संशयावर प्रतिविष देतात, रिपोर्टसाठी थांबत नाहीत. आणखी एक, याची मात्रा वजनावर ठरत नाही. आजार किती पसरलाय आणि किती दिवस झालेत त्यावर ठरते. पाच वर्षांच्या पोराला मोठ्या माणसाइतकंच लागतं.

वैद्यकशास्त्राचं पहिलं नोबेल १९०१ साली एमिल फॉन बेरिंग यांना याच प्रतिविषावरच्या कामासाठी मिळालं. इतकं जुनं औषध, आणि आजही त्याला पर्याय नाही. बनवणारे मोजके, मागणी कमी. सप्टेंबर २०१८ मध्ये दिल्लीत घटसर्पाने मुलं दगावली तेव्हा प्रतिविषाचाच तुटवडा होता. एखाद्या राज्यात किती कुप्या ठेवायच्या याचा अंदाज आधीच्या नोंदींवरूनच बांधावा लागतो. सासऱ्यांच्या प्रश्नाचं एक उत्तर हे आहे: फॉर्म गेला तर कुपी येते.

बांधावरून

आमच्याकडं पावसाळ्याआधी गुरांना घटसर्पाची लस टोचतात, तोच का हा? गोठ्यातून पोरांना होतो का?

बालरोगवाला

नाही. गुरांचा जंतू वेगळा, माणसांचा वेगळा. गुरांना अवश्य टोचा, पण मुलांच्या घटसर्पाशी त्याचा संबंध नाही. मुलांचा घटसर्प खोकल्या-शिंकांतून माणसाकडून माणसाकडे जातो.

सिस्टर_उपकेंद्र

मृण्मयीताई, मी एएनएम, म्हणजे उपकेंद्राची नर्स आहे, तुमच्या जिल्ह्यात नाही. पण काम सगळीकडे सारखंच, म्हणून सांगते.

संशयित रुग्ण कळला की आधी तपासाचा फॉर्म भरतो. मुलाचं वय, आजार कोणत्या तारखेला सुरू झाला, गेल्या काही दिवसांत कुठे गेला होता, शाळा कोणती, आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोणती लस कोणत्या तारखेला. तारीख कार्डावरूनच घ्यायची, ‘सगळे दिलेत’ हे तोंडी चालत नाही. त्या रुग्णाला एक नंबर पडतो आणि तो शेवटपर्यंत त्याच नंबराने ओळखला जातो. घशाचा स्वॅब घेतला की बर्फाच्या डब्यातून नेमलेल्या प्रयोगशाळेत. मग गल्ली. किती घरं, किती मुलं, कुणाचा डोस राहिला, कुणाचा घसा लाल. ज्यांचे डोस राहिलेत त्यांच्यासाठी त्याच भागात जादा सत्र लावतात.

ही सगळी साखळी पोलिओच्या वेळी उभी राहिली. १९९७ पासून मुलाला अचानक लुळेपणा आला की कळवायचं आणि शौचाचा नमुना पाठवायचा, अशी पद्धत पडली. त्याच साखळीत पुढे गोवर-रुबेला, घटसर्प, डांग्या खोकला, नवजात बाळाचा धनुर्वात हे जोडले गेले. दर आठवड्याला प्रत्येक केंद्राने कळवायचं. रुग्ण नसेल तर ‘शून्य’ कळवायचं, पण कळवायचंच. त्याशिवाय साथरोगांच्या नोंदीचे तीन फॉर्म आहेत. एस आमचा, लक्षणांवरून. पी डॉक्टरांचा. एल प्रयोगशाळेचा. आता ते ऑनलाइन भरतो.

लहान मुलं घसा दाखवत नाहीत, ओठ घट्ट मिटतात. ‘वाघाची डरकाळी फोड’ म्हणायचं. डरकाळी फुटली की टॉर्च मारून घ्यायचा.

मृण्मयी

सिस्टर, इथेही पोरं दिवसभर एकमेकांना आ करायला लावून टॉर्च मारताहेत. दोन टॉर्चचे सेल संपले!

औषध सुरू केलं आहे. सगळ्यांचे आभार. नोंदींबद्दल अजून वाचायला आवडेल.

निर्भीड

माझं मत वेगळं आहे आणि स्पष्ट लिहितो. आमच्या तालुक्यात कित्येक वर्षं घटसर्पाचा एकही रुग्ण नाही, हे मी सरकारी कागदावर बघितलंय. जो आजार संपलाच आहे त्याच्यासाठी मुलांना पाच-पाच वेळा टोचायचं, गल्लोगल्ली फिरून लोकांना घाबरवायचं, हे पटत नाही. हाच वेळ आणि पैसा पिण्याच्या पाण्यावर लावा. कुपोषणावर लावा.

सूक्ष्मदर्शी

निर्भीड, पाणी आणि कुपोषणावर खर्च व्हावा यात दुमत नाही. पण ‘एकही रुग्ण नाही’ यावर मला बोलायचंय, कारण मी प्रयोगशाळेत आहे आणि ते स्वॅब माझ्या टेबलावर येतात.

एखाद्या तालुक्याचं शून्य दिसलं की मी आधी विचारते, त्या तालुक्यातून वर्षभरात स्वॅब किती आले? एकही स्वॅब न पाठवता आलेलं शून्य म्हणजे कुणी बघितलंच नाही. बरेच स्वॅब पाठवून, तपासून आलेलं शून्य हे खरं शून्य. पोलिओत हे फार चांगलं जमवलं होतं. पंधरा वर्षांखालच्या दर लाख मुलांमागे पोलिओ *नसलेले* लुळेपणाचे निदान एवढे रुग्ण सापडलेच पाहिजेत, असा निकष होता. जगात किमान एक, भारताने स्वतःसाठी दोन धरला. तेवढे सापडले नाहीत तर त्या जिल्ह्याचं ‘पोलिओ नाही’ हे म्हणणं ग्राह्य धरायचे नाहीत. घटसर्पाच्या बाबतीत तेवढी शिस्त अजून सगळीकडे आलेली नाही.

आता टेबलावर काय होतं ते सांगते, म्हणजे रिपोर्टला वेळ का लागतो ते कळेल. स्वॅब पापुद्र्याच्या कडेखालून घेतलेला असावा, वरवर फिरवलेला नको. आम्ही तो टेल्युराइट घातलेल्या प्लेटवर लावतो. घटसर्पाचा जंतू असेल तर काळपट-राखाडी ठिपके उगवतात. पण तेवढ्यावर भागत नाही, कारण याच जातीचे काही जंतू विष तयारच करत नाहीत. म्हणून एलेक चाचणी. प्लेटमध्ये प्रतिविषात भिजवलेली कागदाची पट्टी ठेवायची आणि तिला काटकोनात तो जंतू रेघेने लावायचा. जंतू विष सोडत असेल तर विष आणि प्रतिविष भेटतात तिथे पांढरी बारीक रेघ उमटते. उजेडात प्लेट तिरकी धरून बघावी लागते. शिवाय विषाच्या जनुकासाठी पीसीआर.

आणि एक अडचण रोजची. मूल आमच्यापर्यंत येईस्तोवर दोन ठिकाणचं अँटिबायोटिक पोटात गेलेलं असतं. मग प्लेटवर काहीच उगवत नाही. रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ म्हणजे घटसर्प नव्हताच असं नसतं. म्हणून प्रयोगशाळेत सिद्ध झालेला रुग्ण, सिद्ध रुग्णाच्या संपर्कातला रुग्ण आणि नुसत्या लक्षणांवरून धरलेला रुग्ण अशी वेगवेगळी वर्गवारी करतात. मृण्मयी, त्या मुलाचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी गल्लीतलं काम वाया गेलं असं समजू नका.

आकडेमोड

निर्भीड यांच्यासाठी आकडे. २०१८ साली भारताने जागतिक आरोग्य संघटनेला घटसर्पाचे ८,७८८ रुग्ण कळवले. त्या वर्षी जगभरात कळवलेल्या रुग्णांच्या निम्म्याहून जास्त. ‘संपलेला आजार’ म्हणणं अवघड आहे.

दुसरी गोष्ट, वय. आपल्याकडे पूर्वी घटसर्प म्हणजे पाच वर्षांखालच्या मुलांचा आजार होता. आता पाचच्या पुढची मुलं जास्त सापडतात, शाळेत जाणारी. लहानपणीच्या डोसांचा जोर कालांतराने उतरतो, म्हणून दीड वर्षाचा आणि पाच वर्षांचा बूस्टर आहे. आणि नेमका तोच राहतो.

तो राहतो हे आपल्याला दिसतही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ‘संपूर्ण लसीकरण’ देशभरात सुमारे ७६ टक्के आलं. हे मोजतात १२ ते २३ महिन्यांच्या मुलांत. पाच वर्षांचा डोस त्या टक्केवारीत येतच नाही. म्हणजे ज्या वयात आजार सरकलाय, त्या वयाचा डोस ठळक आकड्याबाहेर. मला ही मोठी त्रुटी वाटते. हा आकडा शाळाप्रवेशाच्या वेळी गोळा करणं सोपं आहे, पहिलीत नाव घालताना कार्ड बघितलं तरी पुरे.

कोपीवरची_शाळा

आकडेमोड, शाळाप्रवेशाला कार्ड बघायची सूचना चांगली आहे, पण आमच्या मुलांचं काय ते सांगते. मी ऊसतोड मजुरांच्या मुलांना शिकवते. दिवाळी झाली की टोळ्या निघतात. मुकादम सांगेल त्या कारखान्यावर, कधी पश्चिम महाराष्ट्रात, कधी पार कर्नाटकात. परत येतात त्या उन्हाळ्यात. मधल्या काळात दीड वर्षाचा डोस आला तर तो कुणी द्यायचा? गावाकडच्या आशाताईंच्या वहीत मूल ‘स्थलांतरित’. कारखान्याकडच्या वहीत ते नसतंच. कार्ड गावाकडे पेटीत कुलूपबंद, कारण कोपीत (मजुरांच्या झोपडीत) पावसाने-दवाने भिजतं.

मूल आजारी पडलं तर फडातून सुट्टी घेतली की मजुरी बुडते. मग जवळच्या कुणाकडून तरी एक इंजेक्शन. डांग्या खोकला असो, घटसर्प असो, नोंद कुणाकडेच नाही. शून्याचं तुम्ही सगळे म्हणताय ते मी रोज बघते.

सिस्टर_उपकेंद्र

ताई, पोटातलं बोललात. माझ्या हद्दीत कारखाना आहे. हंगाम सुरू झाला की आम्ही कोप्यांवर सत्र लावतो, संध्याकाळी किंवा अगदी पहाटे, कारण दिवसा तिथे कुणी सापडत नाही. पहाटे कोपीच्या दारात चूल पेटलेली असते, बाई भाकरी थापत असते आणि तिथंच मांडीवरच्या बाळाला टोचतो. कार्ड नसलं तरी डोस नाकारायचा नाही, असं आम्हाला सांगितलेलं आहे. शंका असेल तर द्यायचा. आता यू-विनवर (लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत) मोबाइल नंबरने मुलाची नोंद सापडते, पण मजुरांचे नंबर दर वर्षी बदलतात. तुम्ही शिक्षकांनी फक्त टोळी कोणत्या कारखान्यावर चालली एवढं आशाताईंना सांगितलं तरी इकडे आम्हाला शोधायला सोपं जातं.

कोपीवरची_शाळा

हे नक्की करते. आमच्याकडे टोळ्यांची यादी असतेच, हजेरीसाठी.

निर्भीड

आकडे मान्य. पण त्या ८,७८८ मध्ये लस घेतलेली मुलंही असणार ना? मग लसीने काय साधलं?

बालरोगवाला

असणार. लस घेतलेल्यांतही काहींना होतो, पण सहसा सौम्य होतो आणि मृत्यू क्वचित. बहुतेक मृत्यू लस न घेतलेल्या किंवा अर्धवट घेतलेल्या मुलांचे असतात.

लसीने काय साधलं हे ती थांबल्यावर कळतं, आणि ते दोनदा मोजलं गेलंय. १९७५ च्या सुमारास जपानमध्ये लसीची भीती पसरली आणि डांग्या खोकल्याचं लसीकरण सुमारे ८० टक्क्यांवरून १० टक्क्यांच्या घरात आलं. १९७४ मध्ये तिथे सारे मिळून चारशेच्या आत रुग्ण होते आणि मृत्यू एकही नव्हता. १९७९ मध्ये १३,००० च्या वर रुग्ण आणि ४१ मृत्यू. दुसरं सोव्हिएत संघ फुटल्यानंतरचं. लसीकरण विस्कळीत झालं, मोठ्या माणसांची प्रतिकारशक्ती उतरलेली होती, आणि १९९० च्या दशकात तिथल्या देशांत मिळून घटसर्पाचे दीड लाखावर रुग्ण आणि सुमारे ५,००० मृत्यू झाले. हे आकडे आज आपल्याकडे आहेत ते तिथे कुणीतरी नोंदी ठेवल्या म्हणून.

गोधडी

मी सत्तरीच्या पुढची. इथे बहुतेक वाचनच करते. माझा धाकटा भाऊ घटसर्पाने गेला, तेव्हा मी शाळेत जात होते. घसा बरा झाला असंच सगळ्यांना वाटलं होतं. मग तो पाणी प्यायला की नाकातून परत यायचं. बोलणं गेंगाणं झालं. आई म्हणायची सर्दी आहे. आठवड्याभराने अंगणात खेळता खेळता खाली बसला, तो उठलाच नाही. त्याची नोंद ‘तापाने मृत्यू’ अशी झाली असेल, झाली असेल तर. डॉक्टर, नाकातून पाणी येणं हे त्याचंच लक्षण होतं का? इतकी वर्षं मनात आहे म्हणून विचारते.

बालरोगवाला

हो आजी. विषाचा परिणाम टाळूच्या नसांवर झाला की पाणी नाकातून येतं आणि आवाज गेंगाणा होतो. हृदयावरचा परिणाम बहुधा दुसऱ्या आठवड्यात दिसतो, घसा बरा वाटत असतानाच. म्हणून आता अशा मुलांना घसा निवळला तरी झोपवून ठेवतात, रोज ईसीजी काढतात. तुमच्या आईला हे कळणं शक्य नव्हतं. कुणालाच घरी बसून कळलं नसतं.

लेस्टरकर

विषय घटसर्पाचा आहे, पण डांग्या खोकल्याचं इकडचं सांगतो, कारण नोंदी कशा चालतात याचं चांगलं उदाहरण आहे. आम्ही इंग्लंडमध्ये. २०२४ मध्ये इथे डांग्या खोकल्याची मोठी लाट आली, तान्ही बाळं दगावली. आमचा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा. खोकल्याची उबळ आली की चेहरा लालबुंद, शेवटी उलटी. जीपीने (इथल्या फॅमिली डॉक्टरने) फक्त लक्षणांवरून संशय नोंदवला. इथे तो कायद्याने कळवावाच लागतो, रिपोर्टची वाट न बघता. त्यानंतर पोस्टाने घरी एक किट आलं. छोटा स्पंज, हिरड्यांवरून फिरवायचा, नळीत घालायचा आणि परत पोस्टाने पाठवायचा. सुई नाही, दवाखान्याची चक्कर नाही. शाळेच्या वयाच्या मुलांसाठी ही सोय आहे.

मुलगा खोकून खोकून बरा झाला. पण आमच्याकडे तेव्हा बायकोची बहीण बाळंतपणासाठी आलेली होती आणि सगळ्यांची चिंता तिच्या बाळाची. आठ वर्षांच्या मुलाला त्रास होतो, पण दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला खोकताही येत नाही, ते श्वासच थांबवतं. तिने गरोदरपणात डांग्या खोकल्याची लस घेतली होती, इथे २०१२ पासून देतात. बाळ सुखरूप राहिलं.

नवी_आई_ठाणे

लेस्टरकर, भारतात गरोदरपणात ही लस देतात का? मला सरकारी दवाखान्यात टीडी दिलं होतं.

बालरोगवाला

टीडीमध्ये धनुर्वात आणि घटसर्प आहे, डांग्या खोकला नाही. सरकारी कार्यक्रमात सध्या तेच आहे. डांग्या खोकल्यासकटची टीडॅप खासगीत मिळते, साधारण २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान देतात. स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा.

आणि खोकल्याची नोंद आपल्याकडे फारच कमी होते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, त्यात उबळ, उलटी किंवा शेवटी ‘हूऽप’ असा आवाज, एवढं असलं की संशयित म्हणून कळवता येतं. नाकातून आत खोलवर घेतलेला स्वॅब लागतो. ते करायचा कंटाळा सगळेच करतात.

हडपसर_एक्सप्रेस

जरा विषयांतर. न्यूमोनियाच्या लसीला खासगीत आम्ही डोसागणिक हजारो रुपये मोजले, आता तीच सरकारी दवाखान्यात फुकट आहे म्हणतात. खरं का? आणि जंतू एकच तर दर काही वर्षांनी नवी लस कशाला?

सूक्ष्मदर्शी

खरं आहे. न्यूमोकोकल लस भारतात २०१७ मध्ये हिमाचल, बिहार, उत्तर प्रदेशपासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि २०२१ मध्ये देशभर. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने असे तीन डोस, फुकट.

‘जंतू एकच’ हे मात्र तसं नाही. न्यूमोकोकसचे शंभरएक प्रकार आहेत, आणि लस त्यातल्या दहा-वीसांवर. अमेरिकेत २००० मध्ये सात प्रकारांची लस आली. तिथे १९९५ पासून ठरावीक भागांतल्या रुग्णालयांत रक्तात किंवा मेंदूच्या पाण्यात सापडलेला प्रत्येक न्यूमोकोकस गोळा करून त्याचा प्रकार तपासत होते. त्यामुळे दिसलं की ते सात प्रकार झपाट्याने घटले, पण लसीत नसलेला १९ए हा प्रकार वाढला. म्हणून २०१० मध्ये तेरा प्रकारांची लस आणली. नोंद नसती तर ‘लस निकामी झाली’ एवढीच ओरड झाली असती. तुमच्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटची न्यूमोसिल दहा प्रकारांची आहे, त्यात १९ए आधीपासूनच आहे. ते दहा निवडताना आपल्यासारख्या देशांत कोणते प्रकार जास्त सापडतात ते बघितलं.

इथेही अडचण तीच. न्यूमोनियाचं मूल आलं की आधी अँटिबायोटिक आणि मग रक्त कल्चर (रक्तातला जंतू वाढवून बघणं), किंवा कल्चर नाहीच. मग प्रकार कुठून कळणार?

हडपसर_एक्सप्रेस

रोज त्या कंपनीवरून जातो, आज पहिल्यांदा कळलं आत काय निवडतात ते. धन्यवाद.

गल्लीतला_जीपी

खासगी डॉक्टर कळवत नाहीत, असा सूर धाग्यात आहे आणि तो बरोबर आहे. पण कारणंही ऐका. निमशहरी भागात सकाळच्या ओपीडीत साठ-सत्तर पेशंट. स्वॅबची नळी आमच्याकडे नसते. फोन कुणाला करायचा हे माहीत नसतं, आणि कळवलं की पेशंटच्या घरी टीम जाते, मग पेशंट म्हणतो ‘डॉक्टर, गावभर केलंत’. आमच्याकडे यावर उपाय निघाला तो साधा. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी आमच्या असोसिएशनच्या बैठकीत येऊन एक मोबाइल नंबर दिला आणि सांगितलं, ‘तुम्ही फक्त “घशात पापुद्रा” एवढा मेसेज टाका, पुढचं आम्ही बघू, स्वॅबही आम्ही घेऊ.’ तेव्हापासून कळवणं वाढलं. पाठवलेल्या पेशंटचा रिपोर्ट ते आम्हाला उलट कळवतात, हे सगळ्यात मोलाचं. एकतर्फी माहिती देत राहायला कुणालाच हुरूप राहत नाही.

मृण्मयी

मंडळी, इकडची बातमी. रिपोर्ट आला, घटसर्पच, विष सोडणारा. मुलाला प्रतिविष पहिल्याच दिवशी दिलं होतं. तो जेवतोय, पण पाणी नाकातून येतंय, म्हणून अजून ठेवून घेतलंय. गोधडीआजी, तुमचं वाचलेलं होतं म्हणून त्याच्या आईला मीच फोनवर म्हटलं की हे डॉक्टरांना लगेच सांग. त्यांना आधीच माहीत होतं, रोज ईसीजी चालू आहे.

टीम पुन्हा दोनदा येऊन गेली. मागच्या गल्लीतल्या एका मुलीच्या घशात पांढरं दिसलं, तिचाही स्वॅब गेला. तो निगेटिव्ह आला, आणि साधा टॉन्सिलचा त्रास निघाला. काल शाळेत जादा सत्र झालं, लेकीला पाच वर्षांचा डोस मिळाला. सासरे स्वतः तिला घेऊन गेले. रिक्षातल्या मुलांपैकी दोघं शेजारच्या वाडीची आहेत, त्यांची नावं आशाताईंना दिली आहेत.

आता प्रश्न त्या मुलाच्या बहिणीचा. ती आठ वर्षांची आहे, तिचाही पाच वर्षांचा डोस राहिलाय. सत्रात तिला वेगळीच लस दिली म्हणे. चूक झाली का? आणि मुलाला आता आजारच होऊन गेला, त्याला पुन्हा टोचायची गरज नाही ना?

बालरोगवाला

चूक नाही. त्रिगुणी लस (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) सात वर्षांपर्यंत देतात, त्यानंतर टीडी. तिला टीडीच दिलं असणार, कार्डावर तसं लिहिलंय का बघा. आधीचे डोसही अपुरे असतील तर टीडीचे पुढचे डोस कधी ते तारखेसकट लिहून घ्या.

मुलाला मात्र लस लागेलच. घटसर्प होऊन गेला म्हणून पुरेशी प्रतिकारशक्ती येतेच असं नाही. तो बरा होत असतानाच त्याचा राहिलेला डोस देतात. शिवाय घरी सोडण्याआधी चोवीस तासांच्या अंतराने घेतलेले दोन स्वॅब निगेटिव्ह आले का, ते विचारा. तोवर शाळा नको.

सिस्टर_उपकेंद्र

आणि डिस्चार्जचा कागद आशाताईंना दाखवायला सांगा त्याच्या आईला. त्याचा नंबर आमच्याकडे अजून उघडा असतो. दोन महिन्यांनी घरी जाऊन मूल कसं आहे ते बघून तो बंद करायचा असतो. त्या भेटीत त्याला हाताने पाणी प्यायला लावून बघतात.

मृण्मयी

सांगते. त्यांच्याकडे कार्डच सापडत नाहीये, पण आशाताई म्हणाल्या त्यांच्या रजिस्टरमध्ये जन्मापासूनची पानं आहेत. उद्या दोघी मिळून नवीन कार्ड भरणार आहेत.